ती चप्पल खाली ठेवा!

दिवाळी अंक हाती घेणारा वाचक पाय पसरून निवांत बसलेला असतो. शेजारी चिवड्याची बशी असते, मुले अंगणात किल्ला राखीत असतात, स्वयंपाकघरातून करंज्यांचा वास येत असतो. अशा वेळी आजारपणाचे रडगाणे घेऊन दारात उभे राहू नये, हे मला समजते. संपादकांनी माझ्याकडे मागितली होती ती एक खुसखुशीत कथा. ती लिहायला मी बसलेही होते. पण गेल्या वैशाखात एस.टी. स्टँडवर जे पाहिले, ते काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. तेव्हा वाचकहो, या वर्षी कथा नाही, भांडण आहे. आणि ते तुमच्याशी आहे, माझ्याशीही आहे.

लग्नसराईचे दिवस. स्टँडवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. फलाटाच्या कडेला चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पाठीला पिशवी. एकाएकी त्याच्या तोंडून एक चमत्कारिक ओरड निघाली आणि ओंडका पडावा तसा तो ताठ खाली पडला. दातखीळ बसली, हातपाय झटके देऊ लागले, ओठांवर फेस आला. क्षणात भोवती शंभर माणसांचे कडे झाले आणि त्या कड्यातून शंभर सल्ले सुटले. "कांदा आणा, कांदा फोडा!" एक म्हणाला. "चप्पल हुंगवा! चामड्याची पाहिजे हं, रबरी चालत नाही!" दुसऱ्याने दुरुस्ती केली. तिसऱ्याने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला. दोघे त्याच्या पायांवर बसले. आणि चष्मा लावलेले, चांगले शिकलेले दिसणारे एक गृहस्थ डब्यातला चमचा काढून त्याच्या दातांच्या फटीत घालण्याची खटपट करू लागले.

पायातली चप्पल काढून एकजण वाकला, तेव्हा मला राहवले नाही. पंचवीस वर्षे वर्गावर ओरडून कमावलेला आवाज त्या दिवशी उपयोगी पडला. "ती चप्पल खाली ठेवा!" मी म्हटले. कडे जरा सैल झाले. मी त्याच्या डोक्याखाली माझी शाल घडी करून सरकवली, गळ्याचे बटण काढले, पायांवरच्या दोघांना उठवले आणि घड्याळ पाहिले. दीडएक मिनिटात झटके आपोआप थांबले. मग एका बाईच्या मदतीने त्याला कुशीवर वळवले. तोंडातली लाळ बाहेर ओघळली, श्वास मोकळा झाला. पाच-सात मिनिटांनी त्याने डोळे उघडले. आपण कुठे आहोत हे त्याला उमगेना. उमगल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, तो "मला काय झालं?" असा नव्हता.

"मावशी, इथं माझ्या ओळखीचं कुणी होतं का?" त्याने विचारले. आणि मग अगदी हळू: "नवीन नोकरी आहे हो. कुणाला सांगू नका."

माझे भांडण त्या चपलेशी आहे. आणि त्याहून अधिक त्या "सांगू नका"शी आहे.

मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकते. शिक्षण म्हणाल तर दहावी. आमच्या घरी अजून तिला मॅट्रिकच म्हणतात. बालवाडीपासून सुरुवात करून आता एका खासगी शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते, आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. तेव्हा वैद्यकाच्या गोष्टी सांगण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की या आजाराशी माझी ओळख पुस्तकात झाली नाही, घरात झाली. पुढे डॉक्टरांना प्रश्न विचारविचारून जे समजले, ते पहिली-दुसरीच्या मुलालाही सांगता येण्याइतके सोपे आहे. ज्यांना हे सांगणे पेलले असते, ते बोलत नाहीत. म्हणून मी बोलते.

आपण ज्याला फेफरे, मिरगी, आकडी किंवा फिट म्हणतो, त्याचे जुने शास्त्रीय नाव अपस्मार. स्मृती निघून जाते तो अपस्मार. आपल्या मेंदूतल्या असंख्य पेशी अतिसूक्ष्म विजेच्या साहाय्याने एकमेकींशी बोलत असतात. एरवी हे बोलणे शिस्तीत चालते. पण कधी त्यांतला एखादा गट, किंवा एकदम सगळ्याच, एका वेळी आरडाओरडा करू लागतात. मास्तर बाहेर गेल्यावर वर्गाचे होते ना, तसे. त्या गोंधळाचे नाव झटका. गोंधळ सगळ्या मेंदूत माजला तर माणूस शुद्ध हरपून पडतो. एखाद्या कोपऱ्यातच राहिला तर नुसता हात थरथरतो, ओठ चाळवतात, किंवा माणूस काही वेळ भ्रमिष्टासारखा कपडे चाचपत बसतो. मास्तर परत आले की वर्ग शांत होतो. मेंदूही बहुधा एक-दोन मिनिटांत आपला आपण शांत होतो.

यात भूत कुठे आले? शाप कुठे आला? पूर्वजन्मीचे पाप कुठे आले?

परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना मी नम्रपणे विचारते, की तुमच्या परंपरेत चरकसंहिता येते की नाही? त्या ग्रंथात अपस्माराच्या निदानाचा वेगळा अध्याय आहे, चिकित्सेचा वेगळा अध्याय आहे. वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे केलेली ती मांडणी. पण हा रोग आहे आणि त्याला औषध द्यायचे आहे, याविषयी चरकाला शंका नव्हती. तिकडे ग्रीस देशातही, हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात बजावले आहे, की लोक ज्याला दैवी आजार म्हणतात तो इतर आजारांहून काही अधिक दैवी नाही. त्याचे मूळ मेंदूत आहे. म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शहाण्या माणसांना जे कळले होते, ते खिशात मोबाइल बाळगणाऱ्या आपल्या स्टँडवरच्या गर्दीला कळत नाही. मागासलेपणाचे खापर आपण पूर्वजांच्या माथी फोडतो; पण इथे त्यांनी पुढे ठेवलेले पाऊल आपणच मागे घेतले आहे.

"पण बाई, कांद्याने गुण येतो, आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे!" हे मी शंभरदा ऐकले आहे. पाहिले असेल. झटका एक-दोन मिनिटांत स्वतःहूनच थांबतो. कांदा शोधून, फोडून, नाकापाशी नेईपर्यंत तेवढा वेळ जातोच. मग श्रेय कांद्याला. चप्पल नेली असती तर चपलेला, आणि कोणी तिथे पाढे म्हटले असते तर पाढ्यांना. कोंबडा आरवला आणि उजाडले, म्हणून सूर्य कोंबड्याच्या खुराड्यातून निघतो असे कोणी म्हणत नाही. कांद्याच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणत आलो.

बरे, कांदा निदान निरुपद्रवी. चमचा तसा नाही. दाबून बसलेल्या दातांत चमचा, बोट किंवा कापडाचा बोळा घालणे म्हणजे दात मोडणे, जीभ फाडणे, नाही तर श्वासाची वाट बंद करणे. जीभ गिळली जाते, ही नुसती कहाणी आहे. जीभ गिळता येत नाही. ती चावली जाऊ शकते, पण ती जखम भरते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतणे हा तर जिवाशी खेळ. ते पाणी सरळ फुप्फुसात जायचे. आणि हातपाय धरून ठेवणे? झटका त्याने थांबत नाही. सांधा मात्र निखळू शकतो.

मग करायचे काय? हा अंक ज्या घरात जाईल, तिथे एवढे एकदा मोठ्याने वाचून दाखवा. आजूबाजूची टोकदार, गरम, जड वस्तू दूर करा. डोक्याखाली मऊ काही ठेवा. गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. झटके ओसरताच, आणि जमल्यास आधीच, त्याला कुशीवर वळवा. घड्याळ पाहा. तोंडात काही घालू नका, धरून ठेवू नका, गर्दी हटवा, आणि तो पुरता शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसून राहा. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा आला, जन्मातला पहिलाच असला, बाई गरोदर असली, रोग्याला मधुमेह असला, मोठी इजा झाली किंवा झटका पाण्यात आला, तर तडक इस्पितळ गाठा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे. झाला सगळा धडा. याला ना पदवी लागते, ना पैसा.

आता माझ्या स्वतःच्या अपराधांकडे वळते. कारण दुसऱ्याला बोल लावणाऱ्याने आपली झोळीही झाडून दाखवावी.

पहिला अपराध वर्गातला. काही वर्षांपूर्वी दुसरीत एक मुलगा होता. हुशार, बोलका, पण मध्येच कुठे तरी हरवायचा. मी पाढा म्हणून घेत असावे, आणि हा "सात चोक" म्हणून गप्प. डोळे खिडकीत. हाक मारावी तर ओ नाही. पाच-दहा सेकंदांनी, काही झालेच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू. श्रुतलेखनात दर चार ओळींमागे दोन शब्द गायब. मी त्याला "खिडकीतले महाराज" असे नाव ठेवले. वर्ग हसला. दोनदा त्याला बाकावर उभे केले. त्याच्या आईला बोलावून सांगितले, की मुलाचे लक्ष नाही, घरी जरा धाक ठेवा. तिने धाक ठेवला. दुसऱ्या दिवशी पोराच्या पोटरीवर वळ होते.

मग एकदा आम्ही कागदाची भिरभिरी केली. मुले फुंकर घालीत होती. हाही जोरजोरात फुंकत होता. फुंकता फुंकता थांबला. भिरभिरे त्याच्या हातात तसेच, गाल फुगलेले तसेच, पापण्या मात्र भराभर फडफडत होत्या. मी मोजले: आठ सेकंद. मग तो पुन्हा फुंकू लागला. माझ्या पोटात धस्स झाले. कारण घरातल्या आजारपणात डॉक्टरांच्या तोंडून मी ऐकले होते, की न पडता, न झटके देता, नुसती शुद्ध क्षणभर लोपण्याचाही एक प्रकार लहान मुलांत असतो. दिवसातून तो कितीही वेळा येऊ शकतो, आणि जोराने श्वास घ्यायला-सोडायला लावले की पुष्कळदा डॉक्टरांच्या समोरच येतो. ऐकले होते, आणि तरी वर्षभर मी त्या मुलाला शिक्षा करीत होते.

वडील प्रथम ऐकेनात. "बाई, आमच्या घराण्यात वेड नाही," ते म्हणाले. वेडाचा आणि याचा संबंध नाही, हे पटवायला तीन फेऱ्या झाल्या. शेवटी शहरातल्या डॉक्टरांनी मेंदूच्या विजेचा आलेख काढला. १९२४ साली हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने माणसाच्या मेंदूचा असा आलेख पहिल्यांदा काढला. आज तो जिल्ह्याच्या गावी निघतो, दुखत नाही, टोचत नाही. औषध सुरू झाले, आणि थोड्याच आठवड्यांत महाराज खिडकीतून वर्गात परतले. पोटरीवरचे वळ त्याआधीच गेले होते. पण ते कोणामुळे उठले होते, हे मला ठाऊक आहे. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, लक्ष न देणारे प्रत्येक मूल आजारी नसते. पण हाक मारूनही, खांद्याला हात लावूनही जे मूल काही सेकंद परत येत नाही, त्याला बाकावर उभे करू नका, डॉक्टरकडे पाठवा.

दुसरा अपराध लेखणीचा. माझ्या पहिल्या कादंबरीत एक पात्र आहे. तिचे गुपित फुटते आणि त्याच क्षणी तिला फेफरे येते. म्हणजे पापाचा घडा भरला, असे वाचकाने समजावे. मला तेव्हा तो प्रसंग फार नाट्यमय वाटला होता. आज लाज वाटते. डोस्टोव्हस्की या रशियन कादंबरीकाराला स्वतःला हा आजार होता. 'इडियट' कादंबरीतल्या आपल्या सर्वांत निर्मळ मनाच्या नायकाला त्याने तोच आजार दिला. ज्याने भोगले त्याने तो सज्जनाला दिला. ज्यांनी भोगले नाही असे माझ्यासारखे लेखक तो खलनायिकेला देतात. आणि १९९२ च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करण्यासाठी चेंडूसकट यष्टींवर आडवा झेपावलेला जाँटी ऱ्होड्स आठवतो ना? त्यालाही हा आजार आहे, आणि त्याने तो कधी लपवला नाही. आपल्या चित्रपटांत आणि कादंबऱ्यांत असा एक तरी अपस्माराचा रोगी दाखवा, जो सकाळी गोळी घेतो आणि कामावर जातो!

तिसरा अपराध सर्वांत मोठा. तो माझ्या धाकट्या बहिणीचा.

तिला तेराव्या वर्षी पहिला झटका आला. आजीने देवऋषी आणला, ताईत बांधला, मिरच्यांची धुरी दिली. दोन वर्षे गेली. या महाराष्ट्रात २०१३ साली, डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर, जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे हे त्यात गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. कायद्याच्या पुस्तकात चपलेचे पाणी लिहावे लागते, यावरून आपण काय ते समजावे! आणि हा आजार बरा करण्याची जाहिरात करणे तर १९५४ च्या कायद्यानेच बंद केलेले आहे; तरी "मिरगी मुळापासून घालवू" म्हणणाऱ्या भिंती मला आजही दिसतात.

आमच्या बहिणीच्या वेळी हा २०१३ चा कायदा नव्हता. होती ती शाळेतली एक सेविका, जिने आईला डॉक्टरचा पत्ता दिला. गोळ्या सुरू झाल्या. झटके थांबले. चार वर्षांत एकही नाही. मग स्थळ आले, चांगले, माणुसकीचे. आणि आमच्या घरात कुजबुज सुरू झाली. सांगायचे की नाही? आई म्हणाली, "सांगितलं तर पोरीला कोण करील?" काका म्हणाले, "चार वर्षं काही नाही, म्हणजे बरीच झाली ती." गोळ्यांचे काय करायचे, याची युक्ती मात्र माझी. मेतकुटाच्या डब्यात खाली गोळ्यांची पुरचुंडी आणि वर मेतकूट. तो डबा मी भरला. या हातांनी भरला.

सासरी स्वयंपाकघर सासूच्या ताब्यात. डबा उघडायला सवड सापडेल तेव्हा गोळी. नाही सापडली तर नाही. दोन महिन्यांत गोळ्या संपल्या. आणायला कोणाला सांगणार? हे औषध एकाएकी तोडले, तर दबलेला झटका उसळून येतो. तसाच तो आला. चुलीवर दूध होते. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दिवाळसणाला मानाने यायची ती मुलगी हाताला पट्ट्या गुंडाळून माहेरी आली, ती परत गेली नाही. तिला पोचवायला आलेले जावई जाताना मला म्हणाले, "ताई, आजाराचं मला काही वाटलं नसतं. तुम्ही आम्हाला फसवलंत, याचं वाटतं." त्यांना खरोखरच काही वाटले नसते की वाटले असते, हे मला आता कधीच कळणार नाही. कळायची संधी आम्हीच त्यांना दिली नाही.

इथे पुष्कळ आया मनात म्हणत असतील: बाई, बोलणे सोपे आहे, आमच्या मुलीला सांगून नकार आला, तर तुम्ही स्थळ आणून देणार का? प्रश्न खरा आहे. मी तो उडवून लावीत नाही. नकार येतील. एक येईल, पाच येतील. पण त्या नकारांत तिचा हात भाजत नाही. आता दुसरी बाजू पाहा. १९७६ पासून हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या शेजारी अपस्मार लिहिलेला होता. तो असला तर लग्न रद्द ठरवता येई. १९९९ साली संसदेने तो शब्द काढून टाकला, विशेष विवाह कायद्यातूनही काढला. म्हणजे हा आजार असणे, हे आज लग्न मोडायला कारण नाही. पण महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणूक केली, या कारणाने लग्न रद्द करा अशी मागणी करण्याची वाट त्याच कायद्यात अजून आहे. लपवाछपवीने आपण मुलीला वाचवीत नाही. समोरच्याच्या हाती हत्यार देतो.

आणखी एक. यातले सोडिअम व्हॅल्प्रोएट नावाचे औषध पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. म्हणून लग्नाळू मुलीने आधीच डॉक्टरांशी बोलून योग्य ते औषध ठरवायचे असते, फोलिक ॲसिड सुरू करायचे असते. एवढी काळजी घेतली, तर या आजाराच्या बहुतेक बायकांची बाळे धडधाकट जन्मतात. पण जिने गोळ्या मेतकुटात लपवल्या आहेत, ती हे कोणाशी बोलणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. आपल्या देशात ही संख्या एक कोटीच्या घरात मानली जाते. नीट निदान झाले आणि औषध नियमाने घेतले, तर शंभरांतल्या सत्तरांपर्यंत लोकांचे झटके पूर्ण थांबू शकतात. फिनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. त्यानंतर कितीतरी नवी आली. जुनी औषधे स्वस्त आहेत. दोन-तीन वर्षे एकही झटका आला नाही, तर पुष्कळांची औषधे हळूहळू बंदही करता येतात. पण ती डॉक्टरांनी करायची, काकांनी नव्हे. गोळ्यांनी भागत नाही अशांतल्या काहींना शस्त्रक्रियेचा गुण येतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून ती होते. इतके सारे हाताशी असताना रोगी बिनऔषधाचा राहतो, त्याला कारण पुष्कळदा पैसा नसतो, शरम असते. आणि ती शरम रोग्याची नसते. ती आपण त्याच्या अंगावर घातलेली असते.

दिवाळी आहे, म्हणून दिवाळीपुरते चार शब्द सांगते आणि भांडण आवरते घेते. या आजाराला जागरण मानवत नाही. घरात कोणाला अपस्मार असेल, तर फराळासाठी त्या सुनेला किंवा मुलीला रात्र रात्र जागवू नका. अभ्यंगस्नानाला पहाटे उठायचे, तर आदल्या रात्री लवकर झोपू द्या. पाहुण्यांच्या गडबडीत गोळी चुकू देऊ नका. उपासाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच; कोणत्याही देवाची तिला हरकत नाही. नदीवर, विहिरीवर एकटे पोहायला पाठवू नका. आणि भाज्या, कोथिंबीर, पालक स्वच्छ धुऊन घ्या, जेवणाआधी हात धुवा. डुकराच्या मांसातून माणसात येणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात आणि तिथून भाजीवर येतात. पोटात गेली की मेंदूत त्यांच्या गाठी होतात आणि झटके सुरू होतात. शुद्ध शाकाहारी घरातही हे होते. ज्या गावात उघड्यावर बसणे पुरते थांबले, त्या गावाने काही मुलांचा अपस्मारही थांबवला, असे खुशाल समजा.

माझी बहीण आता आमच्याच गावात अंगणवाडीत मदतनीस आहे. हातावरचा डाग आहे. झटका मात्र गेल्या नऊ वर्षांत आलेला नाही. तिचे दुसरे लग्न झाले नाही. तो हिशेब माझ्या नावावर राहिला आहे, आणि तो फिटायचा नाही. तिच्या गोळ्यांचा डबा आता स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. चहा-साखरेच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा. त्यावर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: "माझ्या गोळ्या. सकाळी एक, रात्री एक." फराळाला येणारे पाहुणे विचारतात, "ह्या कसल्या हो?" आणि ती सांगते.

तुमच्याही घरात असा एखादा डबा लपवलेला असेल. या दिवाळीत तो फळीवर काढून ठेवा. आणि पुढच्या वेळी स्टँडवर कोणी कोसळला, तर कृपा करून ती चप्पल पायातच राहू द्या.